क्लचची झीज पायाला कळत नाही

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे झाले, आणि मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मॅन्युअल टाकून देतो. कुर्ल्याहून गिअरबॉक्स आणतो, निम्म्यात काम होईल." जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा संवाद आता नवा राहिलेला नाही. कामही वावगं नाही, नीट केलं तर गाडी वर्षानुवर्षं चालते. पण वायरिंग, पेडल, गिअर लिव्हर, कंट्रोल युनिट यांच्यावर तासभर चर्चा होते आणि क्लच मात्र "गिअरबॉक्सबरोबर येतोच" म्हणून तसाच चढवला जातो. मग काही महिन्यांत घाटात गाडी ओढेनाशी होते आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरतो. मजुरीही दुसऱ्यांदा मोजावी लागते. हे टाळता येतं, म्हणून हा लेख.

गैरसमज : ऑटोमॅटिकला क्लच नसतोच, मग त्याची झीज कसली तपासायची?

नसतं ते क्लचचं पेडल. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत गिअरबॉक्सच्या आत, तेलात बुडालेल्या कितीतरी पातळ क्लच प्लेट असतात. त्या जुन्या गिअरबॉक्सबरोबरच भंगारात जातात, त्यांचा विषय तिथेच संपतो. एएमटीचं तसं नाही. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओमधून एएमटी आणली आणि मग लहान गाड्यांत ती सर्रास दिसू लागली. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. पायाने क्लच दाबण्याचं आणि हाताने गिअर टाकण्याचं काम तिथे अ‍ॅक्च्युएटर करतो, एवढाच फरक. आतली क्लच प्लेट साध्या गाडीत असते तशीच कोरडी, एकेरी.

अ‍ॅक्च्युएटर महाग पडतो म्हणून एएमटीची मॅन्युअल करून घेताना जुनी प्लेट तशीच ठेवण्याचा मोह होतो. मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण ही प्लेट अनेकदा वाजवीपेक्षा जास्त झिजलेली असते. चालवणारा गाडीला ऑटोमॅटिक समजून चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतो, सिग्नलच्या रांगेत इंच इंच सरकत राहतो, आणि आत तेवढा वेळ हाफ क्लच चालू असतो. त्यात कंट्रोलर झीज ओळखून क्लच कुठे पकडतो ते नव्याने शिकत राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पेडल बसवल्यावर ती झीज पहिल्यांदा उघडी पडते, आणि दोष मात्र नव्या पेडलला, नाहीतर क्लच वायरला दिला जातो.

गैरसमज : क्लच किती उरला आहे ते पेडलवरून कळतं.

वर्षानुवर्षं एकच गाडी चालवणाऱ्याला थोडंफार कळतं, हे खरं. वायरच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की पेडलचा मोकळा खेळ कमी होतो आणि क्लच अधिक वर पकडू लागतो. पण गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत पेडल नवं, वायर नवी आणि खेळ मेकॅनिकने कालच लावलेला. पेडल कुठे पकडतं ते त्याने नट किती फिरवला त्यावर ठरतं, प्लेटच्या जाडीवर नाही. हायड्रॉलिक क्लच तर झीज बऱ्याच अंशी आपणच भरून काढतो.

यात डायाफ्राम स्प्रिंगच्या स्वभावाची भर पडते. प्रेशर प्लेटमधली ही ताटलीसारखी स्प्रिंग अशी बनवलेली असते की प्लेट झिजत असताना तिचा दाब लगेच घटत नाही, उलट मधल्या टप्प्यात थोडा वाढतो आणि पार शेवटाकडे उतरतो. म्हणून निम्मी झिजलेली प्लेटही नव्यासारखीच पकडते. फार तर पेडल थोडं जड लागतं.

गैरसमज : हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरात क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं, म्हणजे क्लच ठणठणीत.

ही जुनी चाचणी साफ चुकीची नाही, अपुरी आहे. आयडलवर इंजिनाचा जोर इतका कमी असतो की अखेरची घटका मोजणारा क्लचही तो पेलतो. क्लच घसरतो तो वरच्या गिअरात, कमी वेगात, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात ताशी ४०-५० किलोमीटरला पाय दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतो आहे. खंबाटकीचा चढ भरल्या गाडीने चढताना हेच दिसतं, फक्त तोवर जळका वासही येऊ लागलेला असतो. आणि हेही ध्यानात ठेवा, की क्लच या चाचणीत पास झाला तरी त्यात अजून किती आयुष्य आहे ते कळत नाही.

गैरसमज : प्लेट जाड दिसते, अजून जीव आहे हिच्यात.

खरं काम इथे आहे, आणि ते गिअरबॉक्स खाली असतानाच होतं. प्लेट बाकावर आडवी ठेवा. लायनिंगमध्ये गोल खळगे दिसतील आणि प्रत्येकाच्या तळाशी रिव्हेटचं डोकं. लायनिंगच्या पृष्ठभागापासून त्या डोक्यापर्यंतची खोली व्हर्निअरच्या मागच्या पातीने मोजायची. अनेक जपानी गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ही खोली किमान ०.३ मिलिमीटर सांगितलेली असते, सुझुकीच्या काही गाड्यांत ०.५. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तीन कागदांएवढं लायनिंग उरलं की प्लेट संपली. तीन कागद आणि सहा कागद यांतला फरक गॅरेजच्या उजेडात कुठल्याच डोळ्याला दिसत नाही, उस्तादाच्याही नाही.

मापं दोन्ही बाजूंनी, प्रत्येक बाजूला निदान चार ठिकाणी घ्या. फ्लायव्हीलकडची आणि प्रेशर प्लेटकडची बाजू सारखी झिजतेच असं नाही. त्यातला सर्वांत लहान आकडा धरायचा, सरासरी काढायची नाही. जिथे लायनिंग सर्वांत पातळ, तिथलाच रिव्हेट आधी फ्लायव्हीलला लागणार आणि त्यावर गोल चर पाडणार. शिवाय मॅन्युअलमधली मर्यादा म्हणजे प्लेट फेकायची रेषा, ती बसवण्याची परवानगी नव्हे. बाजारातून आणलेल्या गिअरबॉक्सबरोबर आलेली प्लेट मर्यादेच्या वर असली तरी मी बसवणार नाही. नव्या सेटची किंमत आणि गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी शेजारी शेजारी लिहून पाहा, तुम्हीही बसवणार नाही.

माप झालं की प्लेट कानाशी धरून हलवा. मधल्या स्प्रिंगा खुळखुळल्या तर त्यांची घरं सैल झाली आहेत. मग ती इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. दाते जुळले पाहिजेत आणि डावीउजवीकडे फिरवताना खडखड नको. व्यासही मोजा. एकाच घराण्यातल्या लहान इंजिनाचा गिअरबॉक्स मोठ्या इंजिनाला चपखल बसतो, पण त्याच्यासोबतचा क्लच लहान असू शकतो. असा क्लच नवाकोरा असला तरी लवकर जळतो.

आणि कळकळीची विनंती, बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडे हे काम बहुधा सर्वांत लहान पोऱ्याच्या वाट्याला येतं, आणि ती धूळ त्याच्या छातीत जाते.

गैरसमज : नवी प्लेट टाकली, आता चिंता नाही.

एका गॅरेजमध्ये पाहिलेली गाडी आठवते. ऑटोमॅटिकची मॅन्युअल केलेली, सेट नवा, तरी दोन महिन्यांत घसरायला लागलेली. प्लेट बाहेर काढली तेव्हा रिव्हेटवर लायनिंग भरपूर होतं, पण पृष्ठभाग काळा, चकचकीत आणि बोटाला चिकट. तेल वरून गळत होतं, इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून. ते सील आधीपासूनच गळत असणार. पण टॉर्क कन्व्हर्टर बाहेरून तेलाने माखला तरी त्याचं काही बिघडत नाही. ऑटोमॅटिकमध्ये जी तक्रार पार्किंगमधल्या चार डागांची असते, तीच मॅन्युअलमध्ये क्लच मारते. तेल प्यालेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन पूर्वीसारखं होत नाही. म्हणून गाडीचा गिअरबॉक्स बदलताना मागचं ऑइल सील आणि आणलेल्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही नवी टाकावीत. कोरडी दिसली तरीही.

प्लेटच्या सोबत्यांकडेही बघायला हवं. प्रेशर प्लेटच्या फिंगरच्या टोकांना बेअरिंगने खड्डे पाडलेत का, त्या सगळ्या एका पातळीत आहेत का, पृष्ठभागावर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा आहेत का ते पाहा. प्रेशर प्लेट झिजेप्रमाणे स्वतः जुळवून घेणारी असेल, तर नव्या प्लेटवर जुनी तशीच चढवू नये, नाहीतर क्लच पूर्ण सुटत नाही. रिलीज बेअरिंग हातात फिरवून खरखर ऐकत बसण्यापेक्षा ते नवंच घ्या.

फ्लायव्हील तर टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत नसतंच. तिथे फ्लेक्सप्लेट नावाचा पातळ पत्रा असतो. त्यामुळे फ्लायव्हीलही जुन्या बाजारातूनच येतं, आणि त्याचा पृष्ठभाग आधीच्या मालकाची सगळी हाफ क्लच सांगतो. चर किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून घ्या, मात्र कंपनीने दिलेल्या जाडीच्या खाली जाऊ नका. त्याचे बोल्ट फ्लायव्हीलचेच हवेत, फ्लेक्सप्लेटच्या बोल्टची लांबी वेगळी असते. काही इंजिनांत क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग लागतं, ते ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये बहुधा बसवलेलंच नसतं. ते विसरलं तर इनपुट शाफ्ट डगमगतो, आणि निर्दोष प्लेटही गिअर टाकताना अडते.

नवा सेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी हलक्या पायाने चालवा. लायनिंग आणि फ्लायव्हीलचे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो.

गाडी गिअरबॉक्स बदलायला टाकली असेल, तर गिअरबॉक्स वर चढण्याआधी एकदा गॅरेजमध्ये जाऊन या. रिव्हेटची खोली, प्लेटचा व्यास, फ्लायव्हीलची जाडी आणि दोन्ही सील बदलल्याची नोंद मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद गाडीच्या सर्व्हिस बुकात ठेवा.