मरुभूमीचा हिशेब

मोटरसायकलवर बसून एकट्यानेंच दूरदेशीं निघण्याची हौस शहरांतील तरुणांत अलीकडे बरीच वाढली आहे. कोणी हिमालयाच्या घाटांकडे वळतो, कोणी कोंकणचा किनारा धरतो. आणि ज्याला माणसांची वर्दळ मुळींच नको असते, त्याची दृष्टि राजस्थानच्या पश्चिम टोंकाकडे जाते. त्या प्रवासाचीं चित्रें मोठीं मोहक असतात. सोनेरी वाळू, निरभ्र आकाश, सरळ गेलेली काळी सडक आणि तीवर एकच स्वार! परंतु त्या स्वाराच्या पिशवींत पाणी किती उरलें आहे, हें चित्रांत दिसत नाहीं. आणि प्रवासाचें सारें मर्म तर तेथेंच असतें. मरुभूमींत एकट्या माणसाचें रक्षण धाडसापेक्षां हिशेबच अधिक करतो. हा हिशेब पाण्याचा, पेट्रोलचा आणि दिवसाच्या उजेडाचा.

थरचें वाळवंट सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटर पसरलें असून त्याचा मोठा भाग भारतांत व उरलेला पाकिस्तानांत मोडतो. रावळ जैसल यानें ११५६ सालीं वसविलेलें जैसलमेर हें या भागांतील प्रमुख शहर होय. जैसलमेर जिल्ह्याचा विस्तार ३८,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. पण २०११ च्या जनगणनेंत तेथें दर चौरस किलोमीटरांत अवघीं १७ माणसें भरलीं. त्याच गणनेंत महाराष्ट्राचा आंकडा ३६५ होता. या एका तुलनेवरूनहि तेथील एकांताची कल्पना येईल. वर्षाकाठीं पाऊस २०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोहि बेभरंवशाचा. मुंबईस आषाढांतल्या एखाद्या दिवशींच तेवढा कोसळून जातो! उन्हाळ्याची गोष्ट बोलावयासच नको. जैसलमेरच्या पूर्वेस फलोदी म्हणून गांव आहे. तेथें १९ मे २०१६ रोजीं पारा ५१ अंशांवर चढला होता. म्हणून जाणता स्वार नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडतो. मात्र त्या दिवसांत रात्रीं थंडी इतकी पडते, कीं दुपारीं नकोसें झालेलें जाकीट पहांटे अंगावर अपुरें वाटूं लागतें.

जैसलमेरहून वायव्येस रामगढ, तेथून तनोट आणि परततांना लोंगेवाला, हा मार्ग अशा प्रवाशांच्या विशेष परिचयाचा आहे. तनोट जैसलमेरपासून सुमारें १२० किलोमीटर. तेथील देवीच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात. त्यापुढें सीमेकडे जावयाचें तर परवानगी लागते. सडक डांबरी व चांगली आहे. ती पाहून नवख्या स्वारास वाटतें, कीं यांत कठीण तें काय? परंतु वारा सुटला म्हणजे टेकडीची वाळू सडकेवर येऊन बसते, आणि भरवेगानें येणाऱ्या गाडीचें पुढचें चाक तींत शिरतांच हँडल हातांत राहत नाहीं.

याचें कारण वाळूच्या स्वभावांत आहे. ओलसर वाळूंत पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा कणास कण जखडून ठेवतो. म्हणूनच समुद्रकांठीं मुलांना ओल्या वाळूचे किल्ले बांधतां येतात. कोरडी वाळू मुठींतदेखील ठरत नाहीं. तिच्यावर चाक आलें, कीं कण बाजूस सरकतात, चाक खालीं जातें आणि त्याच्यापुढें वाळूचा लहानसा बांधच उभा राहतो. भिऊन पुढचा ब्रेक दाबला, तर सारा भार त्याच चाकावर येतो आणि स्वार आडवा होतो. याउलट शरीराचा भार थोडा मागें घ्यावा, वेग एकसारखा ठेवावा आणि नजर चाकाजवळ न ठेवतां दूर ठेवावी, म्हणजे गाडी डुलत कां होईना, पार पडते. सडक सोडून वाळूंतच जावयाचें असेल, तर टायरांतील हवा कमी करतात. त्यामुळें टायर पसरतो, भार अधिक जागेवर वांटला जातो आणि चाक कमी रुततें. परंतु तीच हवा सडकेवर परत येतांच पुन्हा भरावी लागते. तेव्हां हातपंप घरीं विसरलेल्यानें ही युक्ति न केलेलीच बरी.

वाळूची ही शक्ति लोंगेवाला येथें इतिहासानेंहि पाहिली आहे. १९७१ च्या डिसेंबरांत, ४ तारखेच्या रात्रीं, पाकिस्तानी रणगाडे या ठाण्यावर चालून आले. भारतीय पायदळाच्या एका लहान तुकडीनें तें ठाणें रात्रभर लढविलें. आणि उजाडतांच, वाळूंत अडखळलेल्या त्या रणगाड्यांवर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनीं हल्ला चढविला. जी वाळू साखळपट्ट्यांच्या रणगाड्यांस दाद देत नाहीं, ती दोन चाकांस काय देणार?

गाडीनंतर शरीराचा विचार. वारा लागला, कीं थंड वाटतें, हा नेहमींचा अनुभव. पण हवा त्वचेहून उष्ण झाली, कीं तोच वारा अंगांत उष्णता भरूं लागतो. घाम येतो, परंतु येतां येतांच सुकतो. सदरा कोरडा राहिल्यामुळें स्वारास वाटतें, कीं घाम आलाच नाहीं. वस्तुतः कडक उन्हांत श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगांतून तासाला लिटरभर किंवा अधिकहि पाणी निघून जाऊं शकतें. तहान लागते तोंपर्यंत शरीरांतील पाणी घटूं लागलेलें असतें. पुढें डोकें दुखतें, चिडचीड होते, आणि ज्या वेळीं बुद्धि शाबूत हवी त्याच वेळीं निर्णय चुकूं लागतात. त्या भागांतील लोक भर उन्हांतहि डोक्यास भलें मोठें पागोटें बांधतात व अंगभर कपडे घालतात, त्यांत हेंच शहाणपण आहे. दिवसाला पांचसहा लिटर पाणी पिण्यास लागेल, असें धरूनच स्वारानें निघावें. आणि सगळें एकाच भांड्यांत न ठेवतां दोनतीन भांड्यांत वांटून ठेवावें. एक फुटलें, तरी प्राण त्याबरोबर सांडूं नये.

दुपारच्या वेळीं डोळेहि फसवूं लागतात. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, तिच्यावरची तितकी विरळ नसते. आकाशाकडून तिरपे येणारे किरण या थरांतून जातांना वांकून वर वळतात. त्यामुळें आकाशाचा तुकडा जमिनीवर पडलेला दिसतो आणि तेथें तळें असल्याचा भास होतो. हेंच मृगजळ. त्याच्यामागें धांवणारा हरिण कवींनीं पुष्कळ रंगविला; स्वाराचें नुकसान मात्र निराळ्या रीतीनें होतें. दूरचें झाड थरथरतें, तरंगतें, आणि अंतराचा अंदाज पार चुकतो. जवळ वाटणारी वस्ती तासाभराची वाट निघते.

आतां समजा, अशाच दुपारीं मुख्य सडक सोडून एखाद्या फांट्यावर गाडीची साखळी तुटली. जवळची वस्ती पंधरा किलोमीटर, पिशवींत दोन लिटर पाणी, आणि दूरध्वनि मुका झालेला. चालूं लागावें, कीं थांबावें? मन म्हणतें, चाल. स्वस्थ बसण्यांत भ्याडपणा वाटतो. पण हिशेब म्हणतो, थांब. पंधरा किलोमीटरांस उन्हांत चार तास लागतील, आणि दोन लिटर पाणी तेवढा वेळ पुरेलच असें नाहीं. उभी असलेली मोटरसायकल दुरून नजरेस पडते; झुडपाआड कोसळलेला माणूस पडत नाहीं. म्हणून गाडी सोडूं नये, तिच्यावर कापड ताणून सावली करावी, पाणी घोटघोट प्यावें व ऊन उतरण्याची वाट पाहावी. पण ही वाट पाहणें सुखरूप तेव्हांच, जेव्हां दुसरें कोणी आपली वाट पाहत असेल. रामगढच्या चहाच्या दुकानांत, ‘अमुक वाटेनें जातों, सांजेपर्यंत परततों,’ एवढें सांगून निघालेल्याचा शोध सांजेला सुरू होतो. न सांगतां गेलेल्याचा केव्हां सुरू होईल, कोणी सांगावें?

हा हिशेब तेथील रहिवाशांनीं फार पूर्वींच मांडून ठेवलेला आहे. त्या प्रदेशांत खोल भूजल बहुधा खारें असतें. परंतु कांहीं पट्ट्यांत वाळूखालीं खडूसारखा टणक थर लागतो. वर पडलेला पाऊस वाळूंत मुरतो, त्या थरावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं. लोक तेथपर्यंत अरुंद विहीर खणतात. तिला कुंई म्हणतात. वाळूंत धरलेला ओलावा थेंबथेंब पाझरून तींत जमतो आणि दिवसाकाठीं दोनतीन घागरी गोड पाणी मिळतें. तोंड अरुंद ठेवण्याचा हेतु हा, कीं उन्हानें तेंहि उडून जाऊं नये. पालीवालांनीं रूढ केलेल्या खडीनांत मातीचा लांब बांध घालून पावसाचें पाणी शेतांतच अडवितात, आणि तें मुरल्यावर त्या ओलीवर गहूं-हरभरा पिकवितात. सतलज-बियासच्या संगमाजवळील हरिकेच्या धरणाहून निघालेल्या कालव्याचें काम १९५८ सालीं सुरू झालें. त्याचें पाणी आज जैसलमेर जिल्ह्यांत खेळतें, त्यामुळें कित्येक गांवांचें रूप पालटलें आहे. तरीहि घागरीचें मोल ओळखणारी माणसें तेथें अजून आहेत. अशा घरीं पाहुण्यापुढें पाण्याचा लोटा आला, तर त्यांत अर्धें टाकून उठणें हा केवळ अविवेक नव्हे, अपराधच समजावा.

म्हणून या प्रवासाचा एक नियम असा, कीं टाकींतलें पेट्रोल, पिशवींतलें पाणी आणि आकाशांतला दिवस, यांपैकीं कोणतीहि एक गोष्ट निम्मी सरली कीं गाडी वळवावी. पुढची टेकडी कितीहि सुंदर दिसो! ज्यानें त्या दिवशीं चाक फिरविलें, त्याला ती टेकडी पुढल्या हिंवाळ्यांत पाहतां येते. तो सायंकाळीं रामगढच्या दुकानाशीं गाडी उभी करतो, दुकानदार मान वर करून पाहतो, कांहीं न विचारतां चहा पुढें ठेवतो, आणि दिवसाचा हिशेब तेथें पुरा होतो.