रानफुलांना दीर्घायुष्य देणारी कला

फाल्गुन आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पळस फुलतो. पाठोपाठ पहाटे मोहफुलांचा सडा पडू लागतो आणि उन्हाळ्यात राज्यपुष्प तामण जांभळ्या तुऱ्यांनी बहरते. मोहफुले वाळवून वर्षभर टिकविण्याची विद्या येथील आदिवासी कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या अवगत आहे. वाळविलेले फूल पारदर्शक राळेत, म्हणजेच रेझिनमध्ये, बसवून पदके व शोभेच्या वस्तू तयार करण्याची कला याच विद्येशी नाते सांगणारी आहे.

वाळवण हेच मर्म

या कामाचे यश राळेपेक्षा वाळवणावर अधिक अवलंबून असते. फुलात ओल राहिल्यास पाकळी तपकिरी पडते, बुडबुडे उठतात आणि राळ धुरकट होते. पातळ पाकळ्या टिपकागदात दाबून, कागद बदलत, दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. पळसासारखी जाड फुले सिलिका जेलच्या कणांत पुरून सुकवावीत व हवाबंद डब्यात ठेवावीत.

राळ व तिला घट्ट करणारे द्रव्य उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच मोजून सावकाश ढवळावे. मिश्रण घट्ट होताना उष्णता निर्माण होते. म्हणून ते एकदम न ओतता पातळ थरांनी ओतावे. पहिला थर धरू लागला की त्यावर फूल ठेवून दुसरा थर द्यावा. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात मिश्रण फार लवकर घट्ट होते, तर पावसाळ्यात दमटपणा बाधतो. त्यामुळे फुले उन्हाळ्यात वाळवून ओतकाम पावसाळा सरल्यावर करणे श्रेयस्कर ठरते.

दक्षता आणि हिशेब

ओली राळ त्वचेस अपायकारक असते. हातमोजे आणि मोकळी हवा अत्यावश्यक आहे. शाळांत मुलांनी फुले वाळवावीत, नावे लिहून संग्रह करावा; ओतकाम मात्र मोठ्यांनीच करावे. घट्ट झालेली राळ मातीत विरत नाही, म्हणून उरलेले मिश्रण नाल्यात टाकू नये.

फूल रानातले असले तरी राळ बाजारातून आणावी लागते. म्हणून महिला बचत गटांनी प्रथम थोड्या वस्तू करून खर्च व विक्री यांचा ताळा पाहावा. मोहफूल हे कुटुंबाचे अन्न व उत्पन्न आहे. शोभेसाठी त्यातील मूठभर पुरे.

ताडोबा राष्ट्रीय उद्यानातून फुले आणता येत नाहीत. अन्यत्र, २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वनवासी ग्रामस्थांचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काबरोबर राखण्याची जबाबदारीही येते. गळालेलीच फुले वेचावीत, फांदी तोडू नये, एवढा नियम ग्रामसभेने घालून दिला, तर वस्तूतील फूल टिकेल आणि रानातला बहरही टिकेल.