परक्या कथेंत आपला रंग

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत बोहाडा भरला, म्हणजे पुराणांतील देवदानव मुखवटे चढवून संबळाच्या ठेक्यावर नाचूं लागतात. कथा सर्वांच्या परिचयाची. चाल, वेष आणि आवेश मात्र गांवाचा. या नाचाला कोणी चोरी म्हणत नाहीं.

आवडत्या कादंबरींतील पात्रें घेऊन वाचकानें पुढची कथा रचणें, हें त्याच वृत्तीचें फळ होय. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) एकच रामकथा कितीतरी परींनीं लिहिली. एका रामायणांत तर ओष्ठ्य वर्ण येऊंच दिला नाहीं. पात्रें तयार असलीं, म्हणजे नवशिक्याला रचनेवर व भाषेवर सारें लक्ष देतां येतें. शिवाय ऊर्मिलेसारख्या अबोल राहिलेल्या पात्राला वाचा फुटते.

परंतु रामकथा सर्वांची, तर कादंबरी एकाची. भारतांत १९५७ च्या कायद्यान्वयें लेखकाच्या हयातींत व मृत्यूनंतर ६० वर्षें रूपांतराचा हक्क राखलेला असतो. तो हक्क विकला, तरी कृतीला आपलें नांव लावण्याचा आणि तिचें विद्रूपीकरण रोखण्याचा अधिकार लेखकाजवळ उरतोच.

सभ्यता कायद्याच्याही पुढें जाते. मूळ लेखकाचें नांव प्रथम सांगावें, आपली भर निराळी दाखवावी, तिच्यावर पैसा मिळवूं नये. लेखकानें नको म्हटलें, तर थांबावें. बोहाड्यांतही कित्येक सोंगांचा मान ठराविक घराण्यांचा असतो आणि तो पाळला जातो. रात्रभर रावण होऊन नाचणारा, रामायण आपण रचलें असें कधीं म्हणत नाहीं.