वर्डप्रेस बसवले, पण आतली पाने उघडेनात?

व्यापारी बंधूंनो, मालाची माहिती इंटरनेटवर मांडण्यासाठी २००३ पासून वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. होस्टिंगवाले ते एका बटणाने बसवून देतात. आम्ही मात्र हाताने बसवले, कारण गल्ल्याची किल्ली कुठे आहे हे मालकाला ठाऊक असावे.

झिप फाईल उतरवून उघडावी व आतला सर्व माल एफटीपीने वेबसाइटच्या मुख्य फोल्डरमध्ये चढवावा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये डेटाबेस व त्याचा वापरकर्ता तयार करावा आणि त्या वापरकर्त्याला डेटाबेसवर अधिकार द्यावेत. हे शेवटचे हमखास राहून जाते. आता ब्राउझरमध्ये आपला पत्ता उघडला की वर्डप्रेस हीच नावे व पासवर्ड विचारते. काही होस्टिंगवाले डेटाबेसच्या नावापुढे खात्याचे नाव जोडतात, तेही लिहावे.

खरा घोळ यानंतर झाला. आमचे पहिले पान उघडे, पण लुंग्यांच्या दराचे पान उघडले की '४०४'. मजकूर डेटाबेसमध्ये शाबूत होता. पानाच्या कायम पत्त्याला पर्मालिंक म्हणतात. तो अपाचे सर्व्हरला समजावणारे नियम 'डॉट एचटीॲक्सेस' या फाईलीत असतात, आणि ती फाईलच तयार झाली नव्हती.

'सेटिंग्ज'मध्ये 'पर्मालिंक्स' उघडून, काही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबावे. पुष्कळदा एवढ्यावर भागते. वर्डप्रेसला फाईल लिहिण्याची परवानगी नसेल तर ते नियम त्याच पानावर खाली दाखवते. ते आपण फाईलीत चिकटवावेत. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ही फाईल लपलेली असते. आम्ही दोन दिवस तिला शोधत होतो! तरीही ४०४ येत असेल तर 'मॉड-रीराइट' आणि 'अलाऊ-ओव्हरराइड' चालू आहेत का, हे होस्टिंगवाल्याला विचारावे. सर्व्हर एनजिनएक्सचा असेल तर ही फाईल तिथे चालतच नाही, नियम त्यालाच घालावे लागतात. तोवर 'प्लेन' निवडावे. पत्ता ओबडधोबड दिसतो, पण गिऱ्हाईक परत जात नाही.

शीर्षक उर्दू वा मराठीत असेल तर पत्ता दुसऱ्याला पाठवताना त्याची टक्के-चिन्हांची लांब माळ होते. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ती फसवणूक समजून उघडलीच नाही. म्हणून शीर्षक आपल्या भाषेत ठेवावे, पत्त्यातला 'स्लग' तेवढा रोमन अक्षरांत लिहावा.

पत्ता कार्डे छापण्याआधी पक्का करावा. आम्ही नंतर बदलला आणि पाचशे कार्डे फुकट जाण्याची वेळ आली. शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी '३०१'ची ओळ त्याच फाईलीत घातली. ती वर्डप्रेसच्या नियमांच्या वर लिहावी. त्यांच्या मधे लिहिली तर पुढच्या 'सेव्ह'ला पुसली जाते.