गेरू, पंडुमत्तिका आणि अजिंठ्याचे रंग

भिक्खूचे चीवर गेरूने रंगविलेले असते, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. विनयपिटकाची साक्ष नेमकी उलट आहे. भिक्खू शेणाने व पंडुमत्तिकेने, म्हणजे पिवळसर मातीने, वस्त्रे रंगवीत आणि ती विद्रूप दिसत, अशी हकिकत महावग्गात येते. त्यावर तथागतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून निघणाऱ्या सहा रंगांना अनुज्ञा दिली. मातीचा रंग पाण्यात विरघळत नाही; त्याचे कण धाग्यावर नुसते बसतात आणि धुताना सुटतात. काषाय आणि गैरिक यांची गल्लत म्हणूनच करू नये.

भिंतीला मात्र माती चालते. चुल्लवग्गात विहारासाठी पांढरा रंग, काळा रंग व गेरुकपरिकम्म यांना मुभा आहे. पांढरा रंग धरत नसेल तर आधी भुशाच्या गोळ्याचा लेप द्यावा, गेरू धरत नसेल तर कोंडा मिसळलेली माती लावावी, असे बारकावेही तेथे आहेत. हे गवंड्याच्या अनुभवाचे ज्ञान आहे, हे उघड आहे.

अजिंठ्याचे चित्रकार याच जातीचे तंत्र वापरताना दिसतात. भुसा व वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि मग डिंक-सरसासारख्या द्रव्यात कालवलेले रंग. ओल्या चुन्यावरची ही चित्रे नव्हेत. तांबडा व पिवळा हे दोन्ही रंग लोहाचेच; पिवळी माती भाजली की तांबडी होते. हिरवी माती दख्खनच्या काळ्या पाषाणातच मिळते. काळा रंग तेवढा काजळीचा. निळ्यासाठीचा लाजवर्द मात्र बदख्शानहून येई, आणि तो पाचव्या शतकातील चित्रांत दिसतो.

येथे एक प्रश्न उरतो. चुल्लवग्ग स्त्री-पुरुषांच्या आकृतींच्या ‘पटिभानचित्ता’ला मनाई करतो आणि केवळ फुलांच्या, वेलींच्या नक्षीला संमती देतो. मग अजिंठ्यातील जातके कशी? पाचव्या शतकातीलच समन्तपासादिका या अट्ठकथेत, श्रद्धा व संवेग उपजविणारे जातकादी विषय भिक्खूने इतरांकडून रंगवून घ्यावेत, अशी मोकळीक दिलेली आहे. अजिंठ्याचा संघ ही अट्ठकथा मानत होता, असे आम्ही म्हणत नाही; पण काळाची वृत्ती तीतून कळते.

आज लेण्यांत दिसणारा सगळा पिवळेपणा मातीचा नाही. १९२० नंतरच्या जतनकार्यात इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले होते. ते पुढे पिवळे पडले आणि त्याखालची मूळ छटा झाकली गेली.