बाटाकांच्या मुलखात (भाग 3) : तीन दगडांची चूल

मागच्या भागात टोबा सरोवराचा जन्म पाहिला. सुमारे 74,000 वर्षांपूर्वीचा तो महास्फोट, त्याचं खचलेलं मुख, आणि आपल्या पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीला सापडलेली राख याच स्फोटाची की आधीच्या एखाद्या, हा अभ्यासकांमधला न मिटलेला वाद. आता काठावरच्या गावात शिरू. सरोवराचं पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर आहे. त्यामुळे विषुववृत्त इतकं जवळ असूनही इथं पहाटे अंगावर जाड कापड ओढावं लागतं.

उत्तर सुमात्रातल्या टोबा बाटाकांचं गाव म्हणजे हुता. जुना हुता लहानसाच, बरेचदा आठ-दहा घरांचा. भोवती मातीचा बांध, बांधावर बांबूची दाट बेटं आणि आत यायला एकच वाट. डच राजवट बसण्याआधी गावागावांत लढाया चालत, त्या काळातली ही तटबंदी. आत एका ओळीत घरं, समोरच्या ओळीत भाताची कोठारं, म्हणजे सोपो, आणि मधे लांबट अंगण. भात वाळतं ते या अंगणात, लग्नाची पंगत बसते ती इथं आणि मयताला निरोपही इथूनच. घर खांबांवर उभं, खाली डुकरं नि कोंबड्या. छप्पर मधे वाकलेलं, दोन्ही टोकांना वर उचललेलं. पूर्वी ते साखरताडाच्या काळ्या तंतूंनी शाकारत, आता बहुतेक ठिकाणी पत्रा आला आहे. दर्शनी फळ्यांवर तांबड्या, पांढऱ्या आणि काळ्या अशा तीनच रंगांची नक्षी असते, तीत हटकून एक पाल कोरलेली. पर्यटकांच्या फोटोत हे घर येतं. त्याच्या बाजूला सिमेंटचं बैठं घर बांधून राहणारी पुष्कळ कुटुंबं फोटोत येत नाहीत.

शेती मुख्यतः भाताची. ओढ्याचं पाणी पाटाने वळवून भरलेली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, आणि थंड हवेमुळे जुन्या वाणांचं वर्षाला एकच पीक. नांगरटीला रेडे असत, आता पॉवर टिलरही फिरतो. लावणी आणि कापणी सावडीने होते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. या पद्धतीला ते मार्सिआदापारी म्हणतात. लावणी, खुरपणी, बाजारातली विक्री ही कामं बाईची. पुरुष नांगरट आणि बांधबंदिस्ती उरकतो आणि संध्याकाळी लापोत, म्हणजे माडीच्या गुत्त्यात, गिटार घेऊन बसतो. बाटाक पुरुष गातात छान याबद्दल दुमत नाही. पण त्या गाण्यामागे बायकोची किती खुरपणी असते, हे कौतुक करणारे फारसं सांगत नाहीत.

रोकड येते ती कॉफीतून. इथल्या एका बुटक्या अरेबिका वाणाला लोकांनीच नाव दिलं आहे, सिगारार उतांग, म्हणजे कर्ज फेडणारी. लवकर धरते, म्हणून हे नाव. फेडायचं ते कर्ज बहुधा मुलांच्या शिक्षणाचं असतं.

पण भात आणि कॉफी पाहून हे गाव कळत नाही. ते चालतं नात्यांवर, आणि त्या नात्यांच्या रचनेचं नाव आहे दालिहान ना तोलू, चुलीचे तीन दगड. पहिला दगड आपल्या कुळाच्या भावकीचा. कुळाला मार्गा म्हणतात. तो बापाकडून येतो आणि मार्गाच्या आत लग्न चालत नाही. दुसरा दगड हुला-हुला, म्हणजे ज्या घराण्याने आपल्याला मुलगी दिली ते, आईचं आणि बायकोचं माहेर. तिसरा बोरू, आपण ज्या घरी मुलगी दिली ते व्याही आणि जावई. हुला-हुलांपुढे वाकायचं, बोरूंना गोंजारून घ्यायचं आणि भावकीशी जपून वागायचं, हा नियम लहान पोरालाही पाठ असतो. भावकीशी जपून का, हे मराठी वाचकाला सांगायला नको; बांधाचे वाद भावकीतच होतात.

आपल्याकडे लग्नात मान मुलाकडच्यांचा. इथं उलट. मुलगी देणारे वरचे, कारण संतती आणि भरभराट त्यांच्या आशीर्वादाने येते अशी श्रद्धा. मामाची मुलगी केलेली सगळ्यांत चांगली, आतेची मात्र निषिद्ध. इरावती कर्वे यांनी मराठी मुलखातल्या पुष्कळ जातींबद्दल नेमका हाच भेद नोंदवला आहे. बाटाकांचा त्यामागचा हिशेब सरळ आहे: ज्या घरातून मुलगी आणली त्यांच्यापुढे आपण वाकतो, त्यांनाच आपली मुलगी दिली तर वाकायचं कुणी?

हे सगळं उघड्यावर दिसतं ते कार्याच्या दिवशी. बोरू पहाटेपासून राबत असतात. डुक्कर किंवा रेडा कापणं, भात शिजवणं, वाढणं, उष्टं काढणं, सगळं त्यांच्याकडे. यजमान भावकी बसून बोलणी करते. हुला-हुला येतात ते उलोस घेऊन. हे हातमागावर विणलेलं जाड वस्त्र ते नवरानवरीच्या खांद्यांवरून गुंडाळतात. सोबत त्यांच्याकडून मासा. तो पूर्वी इहान नावाचा महसीर कुळातला मासा असे. आता तो दुर्मीळ झाला आणि त्याची जागा तळ्यात पाळलेल्या कार्पने घेतली. मासा अख्खाच द्यायचा, डोकं-शेपटी न तोडता. पोटात हळद, आलं, कुळंजन यांचं वाटण भरून, शेंगांसोबत मंद आचेवर रस आटेपर्यंत शिजवतात. हे आर्सिक. त्यात अंदालिमान नावाची बारीक फळं हवीतच. जीभ बधिर करणारी ही फळं म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाची सख्खी भावंडं, एकाच वनस्पतिकुळातली, आणि दोन्हीकडे त्यांचा जोडीदार मासाच. बोरूंकडून उलट दिशेने जातं ते मांस आणि पैसे. कापलेल्या जनावराचा कुठला भाग कुणाच्या वाट्याचा हेही ठरलेलं असतं. वाटणी चुकली तर सभेतच हुज्जत सुरू होते, आणि ती तासभर चालली तरी कुणी घड्याळ पाहत नाही.

मला या रचनेत महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुणीच कायमचा वरचा नाही. आज इथं उष्टी काढणारा माणूस पुढच्या महिन्यात आपल्या जावयाच्या घरी हुला-हुला म्हणून जातो, आणि त्याच्यापुढे दुसरे वाकतात. म्हणून दोन अनोळखी बाटाक भेटले की आधी मार्गा विचारतात. पिढ्या मोजून, कोण कुणाचा मामा आणि कोण कुणाचा मेहुणा ते ठरवतात, मगच पुढचं बोलणं. मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत. बाप 'अमुकचा बाप' होतो आणि नातू झाला की 'अमुकचा आजोबा'.

दगड फिरतात, पण जमीन फिरत नाही. ती मुलांकडेच जायची. 1961 साली इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कारो बाटाकांच्या एका खटल्यात मुलीलाही वारसाहक्क असल्याचा निकाल दिला, तरी गावच्या रिवाजाला ते पचायला वेळ लागला आणि अजून सगळं पचलेलं नाही. ज्या मुलीच्या देण्यावर ही सगळी मानाची व्यवस्था उभी आहे, तिच्या नावे एक खाचर होईना, ही गोष्ट व्यवस्थेचं कौतुक करताना लपवू नये.

चर्चने ही चूल मोडली नाही. लुडविग नॉमेनसेन हा जर्मन मिशनरी 1862 मध्ये सुमात्रात आला आणि 1918 मध्ये मरेपर्यंत बाटाकांमध्येच राहिला. आज टोबा बाटाक बहुसंख्येने प्रोटेस्टंट आहेत. लग्न सकाळी चर्चमध्ये लागतं आणि दुपारपासून उलोस आणि मासा सुरू होतो.

चुलीचं जळण मात्र आता बाहेरून येतं. शिकलेली मुलं मेदान आणि जाकार्ताला गेली, परत राहायला येत नाहीत. पुष्कळ घरांत म्हातारी माणसंच उरली आहेत, खाचरं वाट्याने दिलेली. तरी कार्याला सगळे येतात आणि शहरातल्या कमाईवर पूर्वी झाले नसतील असे मोठे सोहळे करतात. कुठे तर राहतं घर गळतं आहे आणि शेजारी पूर्वजांचं काँक्रीटचं उंच स्मारक रंगवलेलं आहे. त्या स्मारकात ठेवण्यासाठी आजोबा-पणजोबांची हाडं थडग्यातून पुन्हा वर काढतात, धुतात. हाडं कुणी उकरायची, कुणी झेलायची आणि खर्च कुणी उचलायचा, ते पुढच्या भागात.