फ्रेंच बाईची ऐट : खरी किती, बोलबाला किती?

भरतकामाचं पुस्तक उघडा, गाठीच्या टाक्याला ‘फ्रेंच नॉट’ म्हटलेलं असतं. हलकीफुलकी, अंगावरून पाण्यासारखी ओघळणारी साडी मागितली की दुकानदार ‘फ्रेंच शिफॉन’ म्हणून गठ्ठा सोडतो. केस वर वळवून पिना खोचल्या की झाला ‘फ्रेंच रोल’. नाजूक, डौलदार आणि जरा महागडं असं काही दिसलं की त्याला ‘फ्रेंच’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवयच आहे. आणि इंग्रजांनी आपल्या कपाटात काय ठेवलं म्हणाल, तर ब्लाऊज, पेटीकोट आणि कार्डिगन! सगळे रोजच्या धुण्यातले शब्द. दीडशे वर्षं राज्य केलं इंग्रजांनी, पण मिरवायची वेळ आली की नाव निघतं फ्रेंचांचं.

ही समजूत आपल्यापुरती असती तर सोडून दिली असती. पण खुद्द इंग्रज बायकांच्या मनातही ती पक्की बसलेली आहे. नीना रिची या पॅरिसच्या नामांकित पेढीत काम केलेल्या जनव्हिएव्ह दारियो या बाईंनी १९६४ साली नीटनेटकं कसं राहावं यावर एक पुस्तक लिहिलं. अगदी कोशासारखं, अक्षरवार लावलेलं. ते इंग्रजीत आलं आणि पुढे कित्येक वर्षं वाचलं गेलं. त्यानंतर ‘फ्रेंच बाई असं करते, फ्रेंच बाई तसं करत नाही’ असं सांगणाऱ्या पुस्तकांची रांगच लागली. इंग्रज बायकांनी फ्रेंच बायकांना असलं काही शिकवल्याचं मात्र ऐकिवात नाही. तेव्हा हा मान खरोखर कमावलेला आहे की नुसता चालत आलेला, हे एकदा बघायलाच हवं.

सुरुवातीलाच एक गंमत सांगते. पॅरिसच्या ज्या उंची शिवणकामाचा जगभर दबदबा आहे, त्याचा पाया घालणारा माणूस इंग्रज होता. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ त्याचं नाव. १८२५ साली लिंकनशायरमध्ये जन्मला, पोरवयातच लंडनच्या कापडदुकानांत उमेदवारी केली आणि विसाव्या वर्षी पॅरिस गाठलं. १८५८ च्या सुमारास रू द ला पे या रस्त्यावर त्याने भागीदारीत पेढी थाटली आणि लवकरच सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. तोवर तिकडेही आपल्यासारखंच होतं. बाईने कापड घ्यायचं, शिंप्याकडे जायचं आणि ‘असं असं शिवा’ म्हणून सांगायचं. वर्थने हे उलटं केलं. तो आधी नमुने तयार करी, जिवंत मुलींच्या अंगावर घालून दाखवी आणि कपड्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवी. म्हणजे काय शिवायचं हे बाईने ठरवायचं नाही, ते शिंपी ठरवणार! आपल्या टेलरमास्तरांनी हे ऐकलं तर त्यांना केवढा आनंद होईल.

दुसरं नाव कोको शानेल. अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी पुढे फ्रेंच डौलाची जणू मूर्ती ठरली. १९१० साली तिने टोप्यांचं दुकान काढलं, १९२१ मध्ये ‘नंबर ५’ हे अत्तर आणलं आणि १९२६ मध्ये तिचा साधा काळा झगा ‘व्होग’ मासिकात झळकला. पण तिचा माल कुठला होता ते बघा. ज्या ट्वीडच्या कोट-स्कर्टाने तिचं नाव झालं, ते ट्वीड म्हणजे स्कॉटलंडचं जाडंभरडं लोकरी कापड. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर या बड्या इंग्रज उमरावाशी तिची दोस्ती होती, त्याच्या घरच्या पुरुषांचे शिकारीचे कोट आणि स्वेटर पाहून तिने ते उचललं. पावसाळी ट्रेंचकोट आज पॅरिसच्या बाईच्या अंगावर शोभून दिसतो, तो मूळचा पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचा. कार्डिगनचं नाव तर एका इंग्रज सरदाराचंच आहे.

आणि या दोघींनी आपलंही काही कमी घेतलेलं नाही बरं का! नेपोलियनची जोसेफिन काश्मिरी शालींसाठी वेडी होती. त्या शाली परवडेनात तेव्हा फ्रान्समध्ये आणि स्कॉटलंडमधल्या पेजली गावात त्यांच्या नकला विणायला लागले. आपली घरोघरची कोयरी तेव्हापासून जगात ‘पेजली’ या नावाने फिरते आहे.

पण इंग्रजांनी फक्त कच्चा माल पुरवला असं समजू नका. १९३८ च्या जूनअखेरीस इंग्लंडचे राजा सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ (नंतरच्या राणीच्या मातोश्री) पॅरिसला सरकारी भेटीवर जायचे होते. नॉर्मन हार्टनेल या लंडनच्या शिंप्याने राणीचे सगळे कपडे शिवून तयार ठेवलेले. ऐन वेळी राणीची आई वारली. भेट तीन आठवडे पुढे ढकलली, पण रद्द करता येईना. आता सुतकात रंगीत कपडे घालायचे कसे? आणि उन्हाळ्यात, पाहुणी म्हणून, काळ्या कपड्यांत जायचं तरी कसं? हार्टनेलने तोड काढली. राजघराण्याच्या जुन्या रिवाजात पांढराही दुखवट्याचा रंग आहे, असं त्याने सुचवलं आणि तेवढ्या मुदतीत सगळे कपडे पुन्हा पांढऱ्या रंगात शिवून दिले. सुतकातलं पांढरं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण लेस, रेशीम, फुलून आलेले घोळदार झगे, हातात छत्री अशी ती शुभ्र राणी पाहून पॅरिस अक्षरशः भुललं. ज्या गावाने जगाला कपडे शिकवले म्हणतात, त्या गावाने एका इंग्रज शिंप्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला तर हा सगळ्या वादातला सर्वांत देखणा प्रसंग वाटतो.

कुपनं आणि लाकडी तळवे

मग युद्ध आलं, आणि दोन्हीकडच्या बायकांची खरी कसोटी लागली.

१ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांना रेशनिंग लागू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. त्यात लोकरीच्या झग्याला ११, कोटाला १४, बुटांच्या जोडाला ५, पायमोज्यांना २. पुढे तर कुपनं आणखी कमी झाली. ‘आहे तेच दुरुस्त करा आणि वापरा’ अशी सरकारने मोहीमच काढली, १९४३ साली रफू कसं करावं, कॉलर उलटी कशी लावावी याची पुस्तिका छापली. ब्लँकेटांचे कोट झाले. पायमोजे मिळेनात, म्हणून मुली पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलीने मागची शिवण काढून घेत. संसार करणाऱ्या कुठल्याही बाईला हे वाचून आपलंच वाटेल.

पॅरिसमध्ये जर्मन बसले होते. चामडं गेलं, तिथल्या बायका लाकडी तळव्यांचे बूट घालून टकटक करत हिंडू लागल्या. पण डोक्यावर मात्र चिंध्यांच्या, कागदाच्यासुद्धा मोठमोठ्या टोप्या! १९४४ मध्ये शहर सुटलं तेव्हा बाहेरून आलेल्या इंग्रज-अमेरिकनांना हा थाट पाहून रागच आला. आम्ही तिकडे काटकसर करून मेलो आणि या इथे नटून बसल्यात! फ्रेंचांचं म्हणणं वेगळं होतं : शत्रूच्या नाकावर टिच्चून नटायचं, हाच आमचा हट्ट. दोन्ही बाजूंत मला तथ्य दिसतं.

१२ फेब्रुवारी १९४७ ला दिओरने आपले नवे झगे दाखवले. मुठीत मावेल अशी कंबर आणि वारच्या वार कापडाचा घेर. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग संपायला १५ मार्च १९४९ उजाडणार होता. मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स (हो, आपल्याकडे १९४२ साली आले होते तेच) या घेराच्या स्कर्टांवर चिडले. पण इंग्रज बायका कसल्या ऐकतात! जुन्या स्कर्टाला खाली कापडाचे पट्टे जोडून, ब्लॅकआऊटचं काळं कापड वापरून त्यांनी लांबी वाढवलीच. आणि फ्रान्समध्ये सगळ्या खूश होत्या असंही नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या रू लेपिकच्या बाजारात दिओरचे कपडे घालून फोटो काढायला उभ्या केलेल्या मुलींच्या अंगावर बाजारातल्या बायका धावून गेल्या आणि एकीचा झगा टराटरा फाडला. घरी पोरांना खायला नाही आणि ही चाळीस हात कापड गुंडाळून मिरवते, हा त्यांचा संताप. त्याही फ्रेंच बायकाच की! आपण ‘फ्रेंच बाई’ म्हणतो तेव्हा भाजी घेणारी ही बाई डोळ्यांपुढे येत नाही, येते ती पॅरिसच्या चार चांगल्या पेठांतली.

पँट घालायची तर पोलिसांना विचारा

या ऐटीची दुसरी बाजूही आहे. १८०० साली पॅरिसच्या पोलीसखात्याने हुकूम काढला की बाईला पुरुषासारखे कपडे घालायचे तर परवानगी घ्यावी. नंतर सायकल किंवा घोड्याचा लगाम हाती असेल तर सवलत मिळाली. हा हुकूम पाळत कोणी नव्हतं, पण तो रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये! मताचा हक्क फ्रेंच बाईला १९४४ मध्ये मिळाला, इंग्रज बाईला १९१८ मध्ये काहींना आणि १९२८ मध्ये सर्वांना. आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही, की १९६५ चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या फ्रेंच बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचं बँकेचं खातं उघडता येत नव्हतं, की नोकरी धरता येत नव्हती. इंग्रज बाईच्या स्वतःच्या पैशावर तिचाच हक्क, हा कायदा १८८२ सालचा.

आता सांगा, त्या गबाळ्या कार्डिगनमधल्या बाईला हसायचं का? पदरी स्वतःचा पैसा नाही, तिथे नीटनेटकं दिसणं ही हौस कमी आणि नोकरी जास्त. सगळ्याच फ्रेंच बायका मन मारून नटत होत्या असं मी म्हणत नाही. पण ‘ती कशी सदा टापटीप’ म्हणताना तिला तसं राहावं का लागत होतं, हेही विचारायला हवं.

लंडनने मग जे केलं ते पॅरिसला जमलं नसतं. १९५५ मध्ये मेरी क्वांटने किंग्ज रोडवर ‘बझार’ नावाचं दुकान काढलं आणि साठीच्या दशकात स्कर्ट गुडघ्याच्या वर नेला. पॅरिसचा कुरेज म्हणे मी आधी केला, पण क्वांटबाईंचं उत्तर सरळ होतं : हे आम्हा दोघांचं नव्हे, रस्त्यावरच्या मुलींचं. १९६४ मध्ये ‘बिबा’ आली, टायपिस्ट मुलींना पगारातून परवडतील असे कपडे घेऊन. नंतर व्हिविएन वेस्टवुड आल्या आणि सेफ्टी पिना, फाटके शर्ट यांचीच फॅशन करून टाकली. (आपण सेफ्टी पिन लपवतो, त्यांनी ती दर्शनी लावली!) नवं काढावं, मोडावं, गरिबाच्या पोरीलाही हौस करू द्यावी, यात इंग्रज पुढे. माझ्या मते यात वादच नाही.

मग फ्रेंच बाईचं काय उरतं? उरतं ते म्हणजे शेवटचा हात. एर्मेसचा रेशमी रुमाल घ्या. १९३७ पासूनचा, ९० सेंटिमीटर चौरस. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ तोच डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारी, घोड्यावर बसायला सोयीचं म्हणून. पॅरिसची बाई तोच गळ्याशी सैल बांधते आणि जुना कोटही नवा दिसतो. दुसरं, कपडा अंगाला बरोबर बसलाच पाहिजे हा आग्रह. पेठेपेठेतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून मासिकातला नमुना उतरवून घ्यायचा, खांदा नि कंबर पुन्हा पुन्हा बसवून घ्यायची, ही तिथली जुनी रीत. आपल्याकडे तीन हजारांची साडी घेऊन ब्लाऊज खांद्यावरून उतरणारा शिवून घेणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं. साडीत दोनशे कमी घाला, पण टेलरकडे दुसरी फेरी मारा. तिसरं, खरेदीचा संयम. तिथे ‘सेल’ वर्षातून दोनदा, कायद्याने ठरलेल्या मुदतीतच लागतात, त्यामुळे बायका आधीच हेरून ठेवतात आणि वाट बघतात. रोजच ‘५० टक्के सूट’ची पाटी असती तर त्यांचंही आपल्यासारखंच झालं असतं!

बाकी, आतून या दोघी एकमेकींच्या दुकानात शिरतातच. १९७५ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने पॅरिसच्या बुलव्हार ओसमानवर दुकान उघडलं तेव्हा तिथे लोकरी स्वेटर घ्यायला फ्रेंच बायकाच जमत, आणि २००१ मध्ये ते बंद झालं तेव्हा हळहळल्याही त्याच. तिकडे दिओर, जिव्हाँशी, क्लोए या फ्रेंच पेढ्यांची धुरा गेल्या तीस वर्षांत कितीदा ब्रिटिशांच्या हाती गेली : गॅलियानो, मॅक्वीन, स्टेला मॅकार्टनी, क्लेअर वेट केलर. आपल्या शिफॉनचंही असंच. सयाजीराव गायकवाडांची कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी यांनी शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ केली असं मानतात. कापड फ्रान्सचं, पण नेसणं बडोद्याच्या लेकीचं.

आणि फ्रेंच डौलाचं उदाहरण म्हणून जिचे फोटो आजही चिकटवले जातात ती जेन बर्किन? जन्म लंडनचा, १९४६ चा. १९६८ मध्ये ती फ्रान्सला गेली आणि वेताची टोपली हातात घेऊन सगळीकडे हिंडू लागली. विमानात शेजारी बसलेल्या एर्मेसच्या प्रमुखाशी बोलताना, पोराबाळांच्या आईला पुरेल अशी पिशवीच मिळत नाही, असं ती म्हणाली आणि त्यातून १९८४ च्या सुमारास तिच्या नावाची पर्स तयार झाली. स्वतः तिने त्या पर्सवर स्टिकर चिकटवले, पट्ट्याला नखं कापायचं यंत्र अडकवलं आणि ती ठासून भरून वापरली. २०२३ मध्ये बर्किन वारली. ती पहिली पर्स, स्टिकरांच्या खुणांसकट, जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली.